तारांतो ते तात्यापारा : एका शिपायाच्या आठवणी

 रायपूरहून बोलतोय. या मालिकेत आजवर सेनापती, मोहिमा, तह यांच्याबद्दल बरंच बोलणं झालं. आजचा भाग एका शिपायाचा आहे. तो शिपाई म्हणजे माझे आजोबा. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. १९३५ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत भरती झाले, १९४६ साली सुटून घरी आले. शेवटचा हुद्दा नाईक. शौर्यपदक नाही. त्या युद्धात जे जे होते त्यांना जी पदकं मिळाली, तीच आबांना मिळाली. त्यांतला एक सहा टोकांचा तारा, त्याची फीत लाल-पांढरी-हिरवी. तो इटली स्टार. आमच्या लहानपणी तो देवघरातल्या फळीवर हळदीकुंकवाच्या डब्यात असायचा.

नातवाने आजोबांबद्दल बोलावं, त्यात इतिहास कुठला, असं कुणी म्हणेल. तर आधी थोडे आकडे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती, आणि त्यांतल्या कुणावरही सक्तीची भरती नव्हती. सुमारे ८७ हजार परत आले नाहीत. जे पडले त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने दगडावर कोरून ठेवली आहेत. आज मोबाइलवर नाव टाकलं तर कुठल्या देशातल्या कुठल्या भिंतीवर ते आहे, इथवर कळतं. पण जे जिवंत परत आले, त्यांचं काय? त्यांची एक सर्व्हिस शीट असायची. भरती, बदली, रजा, शिक्षा, डिस्चार्ज, संपलं. माणूस काय बघून आला ते तिच्यात नसतं. ते फक्त घरात उरतं, आणि घरं दोन पिढ्यांत विसरतात.

मी स्वतः फौजेत होतो, पण मराठा रेजिमेंटमध्ये नाही, सिग्नल्समध्ये. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, तेव्हा आबांनी सांगितलेलं सगळं आठवून लिहून काढलं आणि छापील इतिहासाशी एकेक ताडून पाहिलं. काय जुळलं, काय जुळलं नाही, तेच आज सांगणार आहे.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, अपशिंग्याकडचं. अपशिंगे मिलिटरी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावाचे ४६ जवान पडले, त्याचा स्तंभ गावात आहे. तिकडे पोरगं अठराचं झालं की दोन वाटा असायच्या, मुंबईची गिरणी नाही तर पलटण. शेती पावसाच्या भरवशावर, भाऊ तीन, जमीन तेवढीच. आबांना एकदा विचारलं, तुम्ही भरती का झालात? त्यांनी दोन शब्दांत उत्तर दिलं, "खायला मिळायचं." पुढे बरेच विद्वान ग्रंथ वाचले, पण या विषयावर इतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

आबांची पलटण म्हणजे जुनी १०३ वी मराठा, जंगी पलटण. ही तीच पलटण, जी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली होती. तिच्यासोबत ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या. उपाशीपोटी झुंजून २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांना हत्यार खाली ठेवावं लागलं. आबा भरती झाले तेव्हा त्या वेढ्याला वीस वर्षंही झाली नव्हती. बॅरेकमध्ये जुने सुभेदार कुतच्या गोष्टी सांगायचे, ताटात काही टाकू द्यायचे नाहीत. आबांनीही आम्हाला कधी टाकू दिलं नाही.

सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन इटलीच्या दक्षिण टोकाला तारांतो बंदरात उतरली. आबांची पलटण तिच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये होती. मुसोलिनीची सत्ता कोसळली होती, इटलीने शरणागती पत्करली होती, पण जर्मन फौजा देश सोडायला तयार नव्हत्या. इटलीचा नकाशा पाहा. मधोमध डोंगराचा कणा, आणि त्याच्यावरून दोन्ही समुद्रांकडे धावणाऱ्या नद्या. जर्मन एका नदीमागे बसत, ती घेतली की मागे सरकून पुढच्या नदीमागे बसत. आमच्या माणसांना वीस महिने हेच करावं लागलं.

आता आबांची आठवण कशी होती ते सांगतो. तारखा त्यांना येतच नसत. सांग्रो नदीची गोष्ट ते कॅसिनोची म्हणून सांगत आणि कॅसिनोची फ्लॉरेन्सला नेऊन जोडत. सांग्रोची लढाई नोव्हेंबर १९४३ची, कॅसिनोजवळची गारी नदी ओलांडली ती मे १९४४ मध्ये. एक पावसाची, दुसरी वसंतातली. आबांच्या गोष्टीत दोन्हीकडे चिखलच. पण वस्तू विचाराल, तर तिथे माणूस पक्का होता. खेचराच्या पाठीवर दारूगोळा कसा बांधायचा, चढावर त्याच्या कुठल्या बाजूने चालायचं, गोळीबार सुरू झाला की ते कान कसे पाडतं, हे सगळं ते आज सकाळचं असल्यासारखं सांगत. इटलीतले बैल पांढरेशुभ्र आणि थोराड, आपल्या खिल्लारीच्या दीडपट, असं म्हणत. मक्याची कणसं घराच्या भिंतीला टांगलेली. म्हातारी सिन्योरा डोक्याला काळं फडकं बांधायची. "आपल्यासारखीच गरीब मानसं रं ती," असं म्हणून ते थांबायचे.

इटालियन भाषेतले सात-आठ शब्द त्यांनी घरात आणले होते. ताटातली भाकरी संपली की म्हणायचे, "नीएन्ते." आम्हा पोरांना वाटायचं, हा साताऱ्याकडचा शब्द असेल. माझी धाकटी बहीण शाळेत मराठीच्या बाईंना सांगून आली की, नीएन्ते म्हणजे काही उरलं नाही. बाई नागपूरच्या. त्यांना वाटलं, असेल पश्चिम महाराष्ट्रात.

आणखी एक सवय होती, तिचा अर्थ मला फौजेत गेल्यावर लागला. आबा न मळलेल्या जमिनीवर पाऊल ठेवत नसत. खारुन नदीवर महादेव घाटाला आम्ही जायचो, तेव्हा ते गाडीच्या चाकोरीतूनच चालायचे आणि आम्हालाही एकामागे एक चालवायचे. गवतात धावलेलं त्यांना खपत नसे. जर्मनांनी इटलीत जे सुरुंग पेरले, त्यांतला एक प्रकार लाकडी खोक्याचा होता. त्यात लोखंड जवळजवळ नसल्यामुळे शोधयंत्राला तो सापडत नसे. पायाखाली आला की पाऊल जाई. आबा त्याला 'लाकडाची डबी' म्हणत. कुणाचा पाय गेला, कधी, कसा, हे मात्र त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

आता चित्रांच्या वाड्याची गोष्ट. हिच्यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता.

आबा सांगायचे, फ्लॉरेन्सच्या अलीकडे डोंगरावर एक मोठा वाडा होता. आम्ही शिरलो, तर आत अंधार आणि भिंतींना टेकवून ठेवलेली चित्रं. माणसाहून उंच. देवाच्या आईची चित्रं, घोड्यांच्या लढाईचं चित्र. आणि एक चित्र बायकांचं. "संत्र्याच्या बागेत उभ्या व्हत्या. पायात काय न्हाई. लुगडी अशी पातळ का आरपार दिसावं. तिघी फुगडी घातल्यागत हात धरून. एकीच्या अंगावर फुलंच फुलं. वर एक उघडं पोरगं, डोळ्याला पट्टी बांधून बाण मारतंय. आन् कडंला एक निळा मानूस, एका बाईला वढतोय." साहेबाने त्या चित्रांवर पहारा लावला, आबांचीही पाळी लागली. आजी म्हणायची, तंबूतला सिनेमा बघितला असेल. माझे वडील म्हणायचे, ताप आला असेल.

पुढे एका कोर्सला असताना वाचनालयात युरोपच्या चित्रकलेचं एक जाड पुस्तक चाळत होतो. पान उलटलं आणि समोर संत्र्यांची बाग. अनवाण्या बायका, हात धरलेल्या तिघी, फुलांच्या वस्त्रातली एक, डोळे बांधलेला मदन, उजव्या कडेला निळसर वाऱ्याचा देव. बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा', म्हणजे वसंत. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयातलं, जगातल्या अतिशय मोलाच्या चित्रांपैकी एक.

मग मी त्या वाड्याच्या मागे लागलो. त्याचं नाव मोंतेगुफोनी. सिटवेल नावाच्या इंग्रज घराण्याच्या मालकीचा हा किल्ला. बॉम्बफेकीच्या भीतीने फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली चित्रं आसपासच्या अशा वाड्यांत हलवली होती. उफीझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला जुलै १९४४ मध्ये फ्लॉरेन्सहून पायी, लढाईच्या रेषांमधून वाट काढत तिथे पोहोचले आणि चित्रांपाशी राहिले. तळघरात आसपासच्या गावांतले लोक आसरा घेऊन होते. महिनाअखेरीला जर्मन मागे सरकले आणि वाड्यात जी पलटण शिरली ती पहिली मराठा. त्याच सुमारास पलटणीला भेटायला आलेले लेखक एरिक लिंकलेटर आणि बीबीसीचे वार्ताहर विनफर्ड वॉन-थॉमस यांनी ती चित्रं ओळखली आणि पहारा बसला. लढाईचं चित्र उच्चेल्लोचं, देवाच्या आईचं चित्र जोत्तोचं. आबांच्या यादीतलं सगळं सापडलं.

जरा विचार करा. चौथी शिकलेला, कोरेगावच्या बाजारापलीकडे चित्र म्हणजे कॅलेंडरवरची लक्ष्मी एवढंच पाहिलेला माणूस. त्याला चित्राचं नाव माहीत नाही, चित्रकाराचं नाव माहीत नाही. पण तीस वर्षांनी तो तिघींचे हात आणि पोराच्या डोळ्यांवरची पट्टी बरोबर सांगतो. मंडळी, आपल्याकडे मौखिक इतिहासाला अजूनही गप्पांच्या खात्यात टाकतात. साक्षीदार तारखेत चुकला म्हणून त्याची सगळी साक्ष फेटाळणं हे आळशी माणसाचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दोन नावं, ज्यांच्याशिवाय इटलीतल्या मराठ्यांची गोष्ट होत नाही. एक यशवंत घाडगे. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, तिसऱ्या पलटणीचे. १० जुलै १९४४, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर मशीनगन चालली आणि घाडगे सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद केली, एकाला गोळीने टिपलं, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने दोघांना मारलं. मग दूरच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय २२. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. १९४५ साली दिल्लीत व्हाईसरॉय वेव्हल यांनी त्यांच्या पत्नीला व्हिक्टोरिया क्रॉस दिला. त्या समारंभाचं छायाचित्र मिळालं तर जरूर पाहा, आणि पदकापेक्षा त्या तरुण बाईचा चेहरा पाहा. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ साली घाडगे यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर आहे.

दुसरे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, आबांच्याच पलटणीचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन्ही काठांना पुराचे उंच बांध, बांधांत जर्मन मोर्चे, बांधापलीकडे सुरुंगांचा पट्टा. जाधव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोहोचवणारे. त्यांनी दोन जखमींना गोळीबारातून, खोल पाण्यातून, सुरुंगांमधून एकेक करून मागे आणलं. मग परत जाऊन तीन मशीनगन मोर्चे संपवले. हाताला लागल्यामुळे टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ग्रेनेड फेकले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि कंपनीला हाताने पुढे बोलावलं. त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटिअर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे दोन वर्षांत हे दोन वीर दोन वेगळ्या देशांचे झाले.

आबा दुसऱ्या कंपनीत होते. सेनिओबद्दल विचारलं की म्हणत, "पानी लई गार व्हतं." बस्स. वीस महिन्यांच्या आठवणींत सर्वांत मोठी लढाई हीच, आणि तिच्यावर सर्वांत छोटं वाक्य. छापील इतिहासात तिला पानंच्या पानं आहेत. मी ती पानं आणि हे वाक्य शेजारी ठेवून पाहिलं, आणि पुढे काही विचारायचं राहिलं नाही.

आता घरची बाजू. आबा फौजेत होते तेव्हा साताऱ्यात काय चाललं होतं? क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पैसा नेणारी रेल्वेगाडी लुटली. आबांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णा, भूमिगतांचे निरोप आणि भाकरी पोहोचवत होते. एक भाऊ इंग्रजांच्या बाजूने जर्मनांशी लढतोय, दुसरा इंग्रजांशी. आणि दोघांची आई एकाच चुलीवर स्वयंपाक करतेय. अण्णांना शोधत पोलीस घरी आले, तेव्हा आजीने आबांचं सेन्सरचा शिक्का असलेलं पत्र पुढे धरलं. आत नेहमीचं एकच वाक्य, मी खुशाल आहे, काळजी नसावी. फौजदार ते वाचून परत गेला. म्हणजे बादशहाच्या शिपायाच्या पत्राने प्रतिसरकारचा माणूस वाचला. ही गोष्ट अण्णा स्वतः हसत हसत सांगत.

१९४६ साली आबा मुंबईला उतरले. नौसैनिकांचं बंड नुकतंच होऊन गेलं होतं, लाल किल्ल्यातल्या आझाद हिंद सेनेच्या खटल्याची चर्चा घराघरात होती. इटलीहून आलेल्या शिपायाची चर्चा कुणी करत नव्हतं. फौज कमी होत होती. आबांची अकरा वर्षं झाली होती, पेन्शनला पंधरा लागत. थोडी ग्रॅच्युइटी हातात पडली, ती बैलजोडीत गेली. दोन वर्षांनी पलटणीतल्या एका ओळखीच्या माणसाने बंगाल-नागपूर रेल्वेत चौकीदार म्हणून लावून दिलं, आणि असं आमचं कुटुंब रायपूरला आलं. तात्यापाऱ्यात दोन खोल्या. तेव्हा हे मध्यप्रांत-वऱ्हाडमध्ये होतं, राजधानी नागपूर. मग मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली. २००० साली छत्तीसगड. आम्ही त्याच घरात राहून तीन राज्यांचे रहिवासी झालो. गल्लीतली छत्तीसगढी पोरं आबांना 'फौजी बबा' म्हणायची. साताऱ्याच्या बोलीत आबा आणि त्यांच्या बोलीत बबा, फार अंतर नाही.

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले आणि पेन्शन सुरू झालं. अण्णांना दोन्ही मिळालं, आणि ते न्याय्यच होतं. त्या दिवाळीत अण्णा रायपूरला आले. जेवताना शेजारच्या एका गृहस्थांनी, माणूस वाईट नव्हता, सहज विचारलं, "काय हो फौजी, तुम्ही तर इंग्रजांसाठी लढलात ना?" मी तेव्हा बारा वर्षांचा. आबा काही बोलले नाहीत. अण्णा बोलले. "त्याच्या मनीऑर्डरीवर आमी सगळी जगलो. माझ्या पिशवीतल्या भाकरी त्याच्याच पगाराच्या व्हत्या." गृहस्थ गप्प झाले. आबांनी भाताचं भांडं पुढे सरकवलं.

या प्रश्नाचं राजकीय उत्तर देता येतं. फॅसिझमचा पराभव व्हायलाच हवा होता. १९४७च्या ऑक्टोबरात काश्मीर वाचवायला जी फौज उभी राहिली, ती याच लोकांची होती. इंग्रजांनी आपल्याला न विचारता युद्धात ओढलं, हेही तितकंच खरं, आणि बंगालच्या १९४३च्या दुष्काळाचा हिशेब वेगळा. ही सगळी उत्तरं मला पाठ आहेत. मला अण्णांचंच पटतं, कारण त्यात कुणाला मोठं किंवा छोटं करावं लागत नाही. आणि प्रतिसरकारच्या माणसाने ते द्यावं, याला वजन आहे.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असा कुणी फौजी होऊन गेला असेल, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. अर्ज करताना सैनिकाचा नंबर लागतो, नुसत्या नावाने शोध कठीण, कारण पाटील आणि जाधव हजारोंनी आहेत. नंबर डिस्चार्जच्या पुस्तकात मिळेल, नाहीतर जुन्या पत्रांच्या पाकिटावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात. मात्र ज्यांना पेन्शन नव्हतं, त्यांचे कागद कायम जपून ठेवत नाहीत, ही तयारी ठेवा. पदकाच्या फितीचे रंग फोटोत टिपून घ्या, कारण तारे सगळे सारखेच दिसतात, युद्ध कुठलं ते फितीवरून ओळखता येतं. फीत कुजली असेल तर ताऱ्याच्या मध्यभागी नाव असतं, ते भिंगातून वाचा. पदक पितांबरीने घासू नका, अक्षरं झिजतात. आणि घरात नव्वदीची आजी असेल तर आधी तिच्याशी बोला. तारखा विचारू नका. काय खायचे, काय घालायचे, कुठला शब्द वेगळा बोलायचे, कशाला घाबरायचे, ते विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

पुढच्या भागात कुतच्या वेढ्यात सापडलेल्या तीन मराठा पलटणींबद्दल.